शेरलॉक होम्स-विद्या

ब्रिटिश कथाकार सर आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) याने निर्माण केलेला गुप्तहेर शेरलॉक होम्स व त्याचा सहकारी डॉ. वॉटसन ही माणसे खरोखरच होऊन गेली, असे खेळीमेळीने गृहीत धरून त्यांच्या कथांची चाहत्यांनी चालविलेली चिकित्सा. या चिकित्सेत विनोद आणि व्यासंग यांचे चमत्कारिक मिश्रण आढळते. विषय लोकप्रिय करमणुकीचा, तर पद्धत धर्मग्रंथांच्या किंवा अभिजात संहितांच्या अभ्यासकाची, या विसंगतीतून तिचा विनोद निर्माण होतो. चेहऱ्यावर हसू न येऊ देता वाद घालणे, हा तिचा मुख्य संकेत होय. इंग्रजीत या उपक्रमास ‘महान खेळ’ किंवा नुसतेच ‘खेळ’ या अर्थाची संज्ञा रूढ आहे. त्यात भाग घेणाऱ्यांना इंग्लंडमध्ये ‘होम्सियन’, तर अमेरिकेत ‘शेरलॉकियन’ म्हणतात. चित्रपट, दूरचित्रवाणी-मालिका, विज्ञानकथा इत्यादींच्या चाहत्यांत आज जी चर्चा, थट्टा व तर्कबाजी चालते, तिचे एक आरंभीचे आणि सुसंघटित रूप म्हणून या विद्येला सांस्कृतिक इतिहासात महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : होम्सची पहिली कादंबरी अ स्टडी इन स्कार्लेट १८८७ मध्ये व दुसरी द साइन ऑफ फोर १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि होम्सला खरी लोकप्रियता लाभली, ती जुलै १८९१ पासून लंडनच्या द स्ट्रँड मॅगझीन या मासिकात येऊ लागलेल्या लघुकथांमुळे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले महत्त्वाचे लेखन, असे डॉइलला वाटे. होम्सच्या कथा त्याने झपाट्याने लिहिल्या आणि पूर्वीच्या कथांत दिलेले तपशील पडताळून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली. पुढे होम्सचा कंटाळा येऊन डिसेंबर १८९३ मधील ‘द फायनल प्रॉब्लेम’ या कथेत त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधील राइखेनबाख धबधब्यात मृत्यू दिला. वाचकांनी याविरुद्ध लेखक व मासिक या दोघांकडेही रोषाची पत्रे धाडली. १९०१-०२ मध्ये द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स ही होम्सच्या हयातीतील घटना सांगणारी कादंबरी क्रमशः आली आणि १९०३ मध्ये ‘द एम्प्टी हाउस’ या कथेत डॉइलने होम्सला जिवंत परत आणले. होम्सची अखेरची कथा १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा एकूण ४ कादंबऱ्या व ५६ लघुकथा मिळून ६० कृतींची संहिता सिद्ध झाली. चाहते तिला ‘कॅनन’ (स्वीकृत संहिता) म्हणतात. ही संज्ञा मूळची बायबलच्या अधिकृत ग्रंथांविषयीची असून डॉइलच्या ‘कॉनन’ या नावाशी तिचे ध्वनिसाम्य आहे. इतर मालिकांचे चाहतेही आज ती याच अर्थाने वापरतात.

उगम : या विद्येचा पहिला ठळक नमुना २३ जानेवारी १९०२ रोजी केंब्रिज रिव्ह्यू या नियतकालिकात आढळतो. त्यात फ्रँक सिजविक याने डॉ. वॉटसनला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले आणि त्या वेळी क्रमशः प्रसिद्ध होत असलेल्या बास्करव्हिल्स-कादंबरीतील तारखांचा मेळ बसत नसल्याचे दाखवून दिले. पत्र लेखकाला न लिहिता पात्राला लिहिले होते, हे लक्षणीय होय. चुकीची जबाबदारी डॉइलवरून काढून वॉटसनवर टाकताच ती चूक राहत नाही. तिचे कोडे बनते.

या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले रॉनल्ड नॉक्स (१८८८–१९५७) याने. पुढे कॅथलिक धर्मगुरू व बायबलचा भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आलेल्या नॉक्सने १९११ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील एका मंडळापुढे होम्स-वाङ्‌मयावरील निबंध वाचला. १९१२ मध्ये तो छापला गेला व १९२८ मध्ये नॉक्सच्या उपरोधपर निबंधांच्या संग्रहात समाविष्ट झाला. त्याचा खरा रोख होम्सवर नव्हता. जर्मन पंडितांनी एकोणिसाव्या शतकात बायबलची जी ऐतिहासिक चिकित्सा चालविली होती, तीत शैलीभेदावरून एका ग्रंथाचे अनेक कर्ते कल्पिण्याची व न पटणारा भाग प्रक्षिप्त ठरविण्याची प्रवृत्ती वाढली होती. तिचे विडंबन करण्यासाठी नॉक्सने होम्सकथांची निवड केली. त्याने काही काल्पनिक युरोपीय पंडित उभे केले, त्यांची मते खंडनासाठी मांडली, प्रत्येक कथेचे अकरा अंग कल्पून त्यांना ग्रीक नावे दिली आणि धबधब्यानंतरच्या कथा मूळ वॉटसनच्या की दुसऱ्या कोणाच्या, हा प्रश्न गंभीरपणे चर्चिला. त्याचा निष्कर्ष असा, की सर्व कथांचा लेखक वॉटसनच होय. मात्र आरंभीच्या कथा घडलेल्या आहेत व नंतरच्या काही त्याने मनाने रचलेल्या आहेत. निबंध वाचून डॉइलने नॉक्सला १९१२ मध्ये पत्र लिहिले व या विषयावर कोणी एवढे परिश्रम घ्यावेत याबद्दल कौतुकमिश्रित आश्चर्य व्यक्त केले.

नॉक्सने एका पद्धतीची थट्टा केली; पण नंतरच्या वाचकांना ती पद्धतच आवडली. एस्. सी. रॉबर्ट्‌स याने वॉटसनचे चरित्र सिद्ध केले (१९३१). टी. एस्. ब्लेकनी याचे होम्सविषयीचे पुस्तक व एच्. डब्ल्यू. बेल याने लावलेला सर्व कथांचा कालानुक्रम ही दोन्ही १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली, तर व्हिन्सेंट स्टॅरेट याचे द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स हे १९३३ मध्ये आले. येथून विडंबन मागे पडून एक स्वतंत्र विद्या उभी राहिली.

नियम व पद्धती : या खेळाचे गृहीतक तीन कलमांत सांगता येते. होम्स व वॉटसन या ऐतिहासिक व्यक्ती होत; कथा वॉटसनने लिहिल्या; डॉइल हा केवळ त्याचा वाङ्‌मयीन प्रतिनिधी होय. यावरून असे निष्पन्न होते, की संहितेतील विसंगती ही लेखकाची डुलकी म्हणून सोडून देता येत नाही. ती वॉटसनचा विस्मरणदोष, त्याचे जाणूनबुजून केलेले लपविणे, मुद्रकाचा प्रमाद किंवा आजवर न कळलेली एखादी घटना यांपैकी कशाने तरी उलगडली पाहिजे. प्रत्येक उलगड्यास संहितेतील किंवा तत्कालीन साधनांतील पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी आगगाड्यांची वेळापत्रके, हवामानाच्या नोंदी, पंचांगे, लष्करी याद्या, जुने नकाशे इत्यादींचा कसून उपयोग करण्यात आला आहे. रहस्यकथालेखिका डोरोथी एल्. सेयर्स हिने अन्‌पॉप्युलर ओपिनियन्स (१९४६) या संग्रहात या खेळाच्या गांभीर्याची तुलना लॉर्ड्‌सवरील क्रिकेट सामन्याशी केली असून अतिशयोक्ती किंवा थिल्लरपणा आल्यास त्यातील गंमत नाहीशी होते, असे मत मांडले आहे.

भारतीय वाचकास ही पद्धत सर्वस्वी अपरिचित वाटू नये. परस्परविरोधी वाक्यांची एकवाक्यता साधणे, पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करणे व मग सिद्धान्त सांगणे, ही मीमांसकांची व भाष्यकारांची रीत होय. पाठभेद, क्षेपक, प्रक्षिप्त भाग यांची चर्चा ज्ञानेश्वरीच्या किंवा महाभारताच्या अभ्यासकांत नित्याची आहे. फरक असा, की तेथे संहितेचे प्रामाण्य श्रद्धेने वा संशोधनाने मानलेले असते, तर येथे ते खेळासाठी स्वीकारलेले असते व खेळणाऱ्यांना त्याची पूर्ण जाणीव असते.

प्रमुख वादविषय : (१) वॉटसनची जखम : अ स्टडी इन स्कार्लेटनुसार वॉटसनला अफगाण युद्धातील मैवंदच्या लढाईत (२७ जुलै १८८०) खांद्याला गोळी लागली, द साइन ऑफ फोरमध्ये मात्र तो जखमी पाय चोळीत बसलेला दिसतो. गोळ्या दोन होत्या, येथपासून ते वॉटसन वाकलेला असताना एकच गोळी दोन्ही ठिकाणी लागली, येथपर्यंत अनेक उपपत्ती मांडण्यात आल्या आहेत.

(२) वॉटसनचे नाव : त्याचे नाव जॉन एच्. वॉटसन असे दिलेले असताना ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ (१८९१) या कथेत त्याची पत्नी त्याला ‘जेम्स’ म्हणते. सेयर्सने सुचविले, की ‘एच्’ हे आद्याक्षर ‘हेमिश’ या नावाचे असावे. हेमिश हे जेम्स या नावाचे स्कॉटिश रूप असल्याने पत्नीने त्याचे लाडाने इंग्रजी रूप केले, असा तिचा तर्क आहे. बी. बी. सी. च्या शेरलॉक या मालिकेत (२०१०–१७) वॉटसनचे मधले नाव हेमिश असेच ठेवण्यात आले. चाहत्यांच्या विनोदी तर्काने अशा रीतीने नव्या कथेत प्रवेश मिळविला.

(३) कालक्रम : ‘द रेड-हेडेड लीग’ या कथेतील जाहिरात २७ एप्रिल १८९० ची असून ती दोनच महिन्यांपूर्वीची असल्याचे सांगितले जाते, परंतु मंडळ बंद झाल्याची सूचना ९ ऑक्टोबर १८९० ची आहे. ‘विस्टेरिया लॉज’ ही कथा वॉटसन मार्च १८९२ मध्ये घडल्याचे सांगतो. त्या वेळी तर होम्स मृत समजला जात होता. प्रत्येक अभ्यासकाचा कालक्रम यामुळे निराळा झाला आहे.

(४) होम्सचा जन्मदिन : संहितेत तो कोठेही दिलेला नाही. तरी ६ जानेवारी १८५४ ही तिथी परंपरेने मान्य झाली आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये घडणाऱ्या कथेत होम्सचे वय साठ सांगितले आहे, यावरून वर्ष निघते. द व्हॅली ऑफ फिअर या कादंबरीच्या आरंभी ७ जानेवारीच्या सकाळी होम्स न्याहारीस शिवलेला नाही. अर्थात आदल्या रात्री वाढदिवस साजरा झाला असणार, हे दिवसाचे प्रमाण. शेक्सपिअरच्या ट्‌वेल्‌फ्थ नाइट या नाटकातील एक ओळ होम्स दोनदा उच्चारतो आणि त्या नाटकाचे नाव ज्या सणावरून पडले तो सण याच सुमारास येतो, हे त्यास पोषक प्रमाण. अत्यल्प पुराव्यावर डौलदार इमारत उभारण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

(५) ठिपकेदार पट्टा : ‘द स्पेकल्ड बँड’ (१८९२) या कथेत भारतातून आणलेला, दलदलीत राहणारा एक अतिविषारी साप शिटी ऐकून दोरावरून खाली-वर करतो आणि बशीतील दूध पितो. या नावाचा साप भारतात नाही. सापाला बाह्यकर्ण नसतात, हवेतील आवाजाची त्याची जाणीव मर्यादित असते आणि दूध हे त्याचे अन्न नव्हे. नागपंचमीमुळे सापाच्या दुग्धपानाचा समज महाराष्ट्रातही दृढ आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. तो साप नाग, मण्यार, घोणस की एखाद्या विषारी सरड्याशी झालेला संकर, यावर पुष्कळ लेखन झाले असून लॉरेन्स क्लाउबर या नामवंत सर्पतज्ञानेही त्यात भाग घेतला.

संस्था व नियतकालिके : ख्रिस्तोफर मॉर्ली या लेखकाच्या पुढाकाराने १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ ही संस्था स्थापन झाली. कथांमध्ये होम्सला बातम्या पुरविणाऱ्या रस्त्यावरील पोरांच्या टोळीवरून हे नाव घेतले आहे. त्या वर्षी सॅटरडे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर या साप्ताहिकात होम्सविषयक शब्दकोडे छापण्यात आले व ते अचूक सोडविणे ही सदस्यत्वाची पात्रता मानण्यात आली. संस्थेचे वार्षिक भोजन जानेवारीत, होम्सच्या मानीव जन्मदिनाच्या सुमारास भरते. १९४१ च्या भोजनप्रसंगी रहस्यकथाकार रेक्स स्टाउट याने वॉटसन ही प्रत्यक्षात स्त्री होती, असे ‘सिद्ध’ करणारा निबंध वाचला. निवडक कथाशीर्षकांच्या आद्याक्षरांतून त्याने ‘आयरीन वॉटसन’ हे नाव काढून दाखविले. ज्युलियन वोल्फ याने त्याच युक्तीने त्यास उत्तर दिले. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष फ्रँक्‌लिन डी. रूझवेल्ट हा संस्थेचा सन्मान्य सदस्य होता व होम्स जन्माने अमेरिकन असावा, असा तर्क त्याने केला होता. विज्ञानकथाकार आयझॅक ॲसिमॉव्ह हाही सदस्य होता. एडगर स्मिथ याच्या संपादकत्वाखाली १९४६ मध्ये द बेकर स्ट्रीट जर्नल हे नियतकालिक सुरू झाले.

लंडनमध्ये १९५१ च्या ब्रिटन-महोत्सवानिमित्त होम्सच्या बैठकीच्या खोलीची प्रतिकृती उभारण्यात आली व त्याच वर्षी ‘शेरलॉक होम्स सोसायटी ऑफ लंडन’ या संस्थेची स्थापना झाली. १९६८ मध्ये तिच्या सदस्यांनी व्हिक्टोरियाकालीन पोशाखात राइखेनबाखची यात्रा केली. जपानमधील संस्था १९७७ ची आहे. कथा प्रथम लिहिल्या गेल्या त्या वेळी बेकर स्ट्रीटवर २२१ क्रमांकाचे घरच नव्हते. पुढे क्रमांकांची फेररचना झाल्यावर तो क्रमांक एका वित्तसंस्थेच्या इमारतीत आला आणि होम्सच्या नावे येणाऱ्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी त्या संस्थेने अनेक वर्षे एक चिटणीस नेमला होता.

स्त्रियांचा प्रवेश : मित्रांच्या भोजनातून जन्मलेल्या या खेळावर दीर्घकाळ पुरुषी मंडळाची छाप राहिली. १९३४ चे शब्दकोडे सोडविणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. परंतु त्यांना भोजनास बोलाविण्यात आले नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन तरुणींनी ‘ॲडव्हेंचरेसिस ऑफ शेरलॉक होम्स’ ही स्वतंत्र संस्था काढली व न्यूयॉर्कमधील भोजनस्थानाबाहेर निदर्शनेही केली. बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्सने स्त्रियांना प्रवेश दिला तो १९९१ मध्ये. त्या वर्षी प्रविष्ट झालेल्यांत कॅथरिन मॅकमाहन हिचा समावेश होता. कोडे सोडवून तिला सत्तावन्न वर्षे झाली होती. पुराव्यावाचून काहीच न मानणाऱ्या या मंडळींनी पात्रतेचा प्रत्यक्ष पुरावा इतका काळ नजरेआड केला, ही गोष्ट या खेळाच्या इतिहासातील वैगुण्य म्हणून नोंदली पाहिजे.

मालकीचा प्रश्न : डॉइल हा केवळ वॉटसनचा प्रतिनिधी, ही थट्टा डॉइलच्या वारसांना रुचली नाही. एलरी क्वीन या नावाने संपादित झालेला होम्सविषयक विडंबनकथांचा संग्रह १९४४ मध्ये निघाला. तथापि वारसांच्या विरोधामुळे तो पुढे वितरणातून काढून घ्यावा लागला. पात्र कोणाचे, निर्मात्याचे व त्याच्या वारसांचे की त्याला जिवंत ठेवणाऱ्या वाचकांचे, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. होम्सकथांचा टीपाकार व वकील लेस्ली क्लिंगर याने वारसांच्या कंपनीविरुद्ध दावा लावला. १९२३ पूर्वीच्या कथांत व्यक्त झालेली होम्स व वॉटसन ही पात्रे अमेरिकेत सर्वांस मुक्त आहेत, असा निर्णय २०१४ मध्ये तेथील सातव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने दिला. अखेरच्या कथाही १ जानेवारी २०२३ पासून तेथे मुक्त झाल्या. खेळात जे लटके मानले होते, ते मर्यादित अर्थाने कायद्यानेही मान्य केले, असे म्हणता येईल.

भारतविषयक संदर्भ : वॉटसन भारतात मुंबई बंदरात उतरल्याचा उल्लेख पहिल्याच कादंबरीत आहे. मैवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या पायदळाच्या व घोडदळाच्या तुकड्या होत्या आणि त्यांची मोठी हानी झाली. खेळाच्या दृष्टीने मात्र ही लढाई वॉटसनच्या जखमेची पार्श्वभूमी एवढीच उरते. द साइन ऑफ फोरमध्ये शीख म्हणून वर्णिलेल्या शिपायांची नावे महोमेत सिंग व अब्दुल्ला खान अशी असून अंदमानी माणसाचे चित्रण विकृत आहे. नावांतील चूक टीपाकारांनी दाखविली आहे. तथापि असे दोष वॉटसनच्या विस्मरणाने उलगडत नाहीत. त्यांचे मूळ वसाहतकालीन अज्ञानात व पूर्वग्रहात आहे आणि लेखकाला बाजूस सारणाऱ्या गृहीतकामुळे ते दृष्टीआड होण्याचा संभव असतो. येथे या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. उलटपक्षी तिच्यातील सर्जक शक्यताही भारताच्या परिसरातच दिसून येते. होम्स १८९१ ते १८९४ या अज्ञातवासाच्या काळात तिबेटात गेल्याचे संहितेत म्हटले आहे. त्या त्रोटक उल्लेखावरून जामयांग नोर्बू या तिबेटी लेखकाने द मंडला ऑफ शेरलॉक होम्स (१९९९) ही कादंबरी लिहिली व परक्याच्या कथेतील रिकाम्या जागेत आपल्या देशाची व्यथा मांडली. मराठी वाचकांस होम्सचा परिचय भालबा केळकर प्रभृतींच्या अनुवादांमुळे झाला.

मूल्यमापन : या विद्येवर निरर्थक काथ्याकूट, असा आक्षेप घेतला जातो. तिच्यातून कथांच्या वाङ्‌मयीन गुणांविषयी फारसे हाती लागत नाही, हे खरे आहे. परंतु या निमित्ताने व्हिक्टोरियाकालीन लंडनविषयीची विपुल माहिती एकत्र झाली आणि विल्यम बेअरिंग-गूल्ड (१९६७) व क्लिंगर (२००४-०५) यांच्या सटीप आवृत्त्या सिद्ध झाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोटापाण्यासाठी न केलेल्या अभ्यासाची एक परंपरा निर्माण झाली. तीत धर्मगुरू, उद्योगसंस्थेतील अधिकारी, डॉक्टर, वकील हे एकाच पंगतीस बसले आणि मतभेद टोकाचा असूनही मैत्री टिकली. शेरलॉक मालिकेचे दुसरे पर्व २०१२ मध्ये नायकाच्या इमारतीवरील उडीने संपल्यावर तो वाचला कसा, याविषयी जगभरच्या चाहत्यांनी असंख्य उपपत्ती मांडल्या. २०१४ च्या पुढील भागात तशा उपपत्ती रचणारे चाहते खुद्द कथेतच अवतरले. सिजविकच्या पत्रापासून येथपर्यंत साधने पालटली, वेग वाढला आणि संख्या अगणित झाली. पद्धत मात्र तीच राहिली. वादाचा विषय खोटा आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असणे, ही या पद्धतीची खरी शिस्त होय. ती सुटली, की खेळाची जागा कलह घेतो. ती सांभाळली गेली, तोवर वाचकांच्या अनेक पिढ्यांना पुरावा तपासण्याची, प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकण्याची आणि आपल्या विद्वत्तेला हसण्याची सवय या कथांनी लावली.